घरातली अडगळ काढताना

दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस इमारतींमध्ये साफसफाईचे असतात. माळे रिकामे होतात, कपाटे उघडली जातात, नको असलेल्या वस्तूंचा ढीग दारात येतो. त्याच दिवसांत आपल्या वस्तीतही आवराआवर चालू असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी भिंतींना रंग लागतो, कोणी नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याची तयारी करते. पण या दोन साफसफाईंमध्ये एक फरक आम्हाला दर वर्षी दिसतो. इमारतीतल्या घरांतून सामान बाहेर जाते आणि त्याच दिवसांत आपल्या घरांत सामान आत येते. धुणीभांडी, स्वयंपाक करायला जाणाऱ्या आपल्या भगिनी संध्याकाळी परततात तेव्हा त्यांच्या हातात पिशव्या असतात. झाकण नसलेला मिक्सर, पाणी लागून फुगलेले प्लायचे टेबल, दोन उशा, मुलांचा तुटका ट्रक, कधी कधी अर्धवट संपलेल्या औषधांचा अख्खा डबा. त्यांची अडगळ गेली आणि आपली वाढली.

हल्ली वर्तमानपत्रांत ‘कमी वस्तूंत राहा’ असे लेख येतात. त्याला मिनिमलिझम म्हणतात. वर्षभर वापरली नाही ती वस्तू टाकून द्या, असा त्यांचा सल्ला असतो. लागली तर पुन्हा विकत आणण्याइतके पैसे ज्याच्याकडे आहेत, त्याला हा सल्ला परवडतो. आपल्याकडे वस्तू ठेवण्यामागे कारण असते. पत्र्याचा जुना तुकडा, दोरीचे भेंडोळे, प्लास्टिकचा कागद, हे सगळे ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले असते आणि जूनमध्ये छप्पर गळायला लागले की खरोखरच लागते. त्यामुळे सगळे टाका असे आम्ही सांगणार नाही. हे आरोग्याचे पान आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल इथे एकच विचारायचे: तिच्यामुळे घरातल्या माणसांची तब्येत बिघडते का?

आधी जागेचा हिशेब करू. आपली खोली साधारण दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट. दिवाण ६ बाय ४ चा, त्याचे २४ फूट गेले. कपाटाचे ८, मोरीचे १२, ओटा आणि मांडणीचे आणखी १२. उरले ६४. घरात पाच माणसे असली आणि दोघे दिवाणावर झोपले, तर तिघांना जमिनीवर झोपायला प्रत्येकी ६ बाय २, म्हणजे एकूण ३६ फूट लागतात. राहिलेल्या २८ फुटांत पाण्याची पिंपे, चपला, दप्तरे, शिलाई मशीन, दार उघडायची जागा आणि रात्री उठून मोरीकडे जाण्याची वाट. आता ते ३ बाय २ चे फुगलेले टेबल आत आणा. त्याने ६ फूट घेतले, म्हणजे अर्ध्या माणसाची झोपायची जागा गेली. ही जागा बहुतेक वेळा घरातल्या मुलीची किंवा आजीची असते.

खिडकी सगळ्यात आधी

कुठून सुरुवात करायची असे विचाराल तर आम्ही खिडकी म्हणू. आम्ही घरभेटीला जातो तेव्हा आधी खिडकी शोधतो. असते, पण तिच्यापुढे कपाट उभे असते, नाहीतर गजांना पिशव्या टांगलेल्या असतात. वरचा झरोका माळ्यावरच्या गाठोड्यांनी बुजलेला असतो. घर अंधारे राहते, दिवसा दिवा लावावा लागतो, भिंतीला ओल धरते.

क्षयरोगाचे जंतू रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, थेट उन्हात मरतात. म्हणून त्याच रोग्यासोबत हवेशीर घरात राहणाऱ्याला धोका कमी असतो आणि कोंदट घरात राहणाऱ्याला जास्त. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. एकमेकींना खेटून बांधलेल्या ज्या इमारतींत ऊन-वारा पोहोचत नव्हता, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. इमारती कशा बांधाव्यात हा सरकारला विचारायचा प्रश्न आहे आणि तो विचारत राहिले पाहिजे. पण आहे तो झरोका गाठोड्यांनी बुजवणे आपल्या हातात आहे, तसे तो उघडणेही.

कपाट खिडकीसमोरून काढून आंधळ्या भिंतीला लावा. झरोक्यासमोरचा माळा हातभर रिकामा ठेवा. एकच दार असलेल्या, पाठीला पाठ लागलेल्या खोलीत दाराच्या वरचा झरोका उघडा असला तर गरम हवा तिथून बाहेर पडते आणि दारातून ताजी आत येते. घरात कोणी क्षयाचे औषध घेत असेल तर त्याची झोपायची जागा खिडकीजवळ करा. आणि एक गैरसमज काढून टाका. क्षय कपड्यांतून, भांड्यांतून पसरत नाही. घरात क्षय निघाला म्हणून अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी फेकून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्याची काही गरज नाही. नेहमीसारखे धुवावे, उन्हात घालावे, वापरावे. ताट वेगळे केल्याने जंतू थांबत नाहीत, माणसाचे मन मात्र मोडते.

छपरावर काय आहे?

अडगळ म्हटले की आपण घराच्या आत बघतो. वस्तीतली अर्धी अडगळ पत्र्यावर असते. ताडपत्री उडू नये म्हणून त्यावर जुने टायर, फुटके फ्लशचे भांडे, विटा, मोडकी खुर्ची. पाऊस पडला की ताडपत्रीच्या घड्यांत आणि टायरच्या पोटात पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला असेच साठलेले स्वच्छ पाणी लागते. नारळाच्या करवंटीतही तो वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या वर चिकटवते. पाणी ओतून दिले तरी ती अंडी तिथेच राहतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत असतात. पुन्हा पाणी भरले की फुटतात. त्यामुळे पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासावे लागते.

पाणी दिवसाआड येत असेल तर पिंपे ठेवावीच लागतात. ती कमी करा असे म्हणणाऱ्याने आधी नळाला रोज पाणी द्यावे. पण आम्ही मोजले तेव्हा बऱ्याच घरांत भरलेल्या चार पिंपांपैकी एक कोणी वापरतच नव्हते. झाकण हरवलेले, तळाशी चिरलेले, मागे पडलेले पिंप. ते भंगारात द्या. उरलेली तीन आळीपाळीने, आठवड्यात प्रत्येक एकदा, घासून कोरडी करा. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचे कापड ताणून दोरीने बांधा.

ताडपत्रीवर वजन हवेच, तर टायरऐवजी वाळू भरलेल्या पोत्यांचे ठेवा. टायरच ठेवायचा असेल तर त्याला खालून दोन-तीन ठिकाणी मोठी भोके पाडा, म्हणजे पाणी थांबत नाही. आतमध्ये फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे आणि बाटलीतली मनी प्लँटची वेल बघायला विसरू नका. एडिस दिवसा चावतो. दुपारी झोपलेल्या बाळावर मच्छरदाणी हवी ती त्यासाठी.

दिवाणाखाली

दिवाणाखालचे सामान वर्षभर न हलवता राहते. तिथे उंदीर, घुशी, झुरळे यांचा संसार असतो. झुरळांची विष्ठा आणि कात सुकून तिची धूळ होते आणि ती लहान मुलांचा दमा वाढवते. मुलगा रात्रीच खोकतो, दिवसा बरा असतो, असे सांगत आई येते तेव्हा आम्ही विचारतो की तो झोपतो कुठे आणि त्याच्या खाली काय आहे.

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. ती पावसाच्या पाण्यात मिसळते आणि पायावरच्या जखमेतून जंतू शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. पाण्यातून चालून आल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना सांगा.

ही जागा साफ करताना कोरडा झाडू मारू नका. उंदराच्या लेंड्या आणि झुरळांची धूळ उडून नाकात जाते. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, नाकावर रुमाल घ्या, आधी ब्लिचिंग पावडरचे पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबून मग ओल्या फडक्याने पुसा. सामान परत ठेवायचेच असेल तर जमिनीवर न ठेवता विटांवर, झाकणाच्या डब्यात किंवा ट्रंकेत ठेवा. खाण्याची कोणतीही वस्तू तिथे नको. जाता जाता एवढेच सांगतो की दाराच्या वाटेत आणि गॅसच्या शेगडीजवळ रद्दी, कपड्यांचे बोचके ठेवू नका. आग लागली तर पळायला तेवढी एकच वाट असते.

औषधांचा डबा

घरभेटीत आम्ही हट्टाने औषधांचा डबा मागतो. बहुतेक घरांत तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो. तो चटईवर उपडा केला की अख्खे घर भोवती जमते. कापलेल्या पट्ट्या निघतात, ज्यांवर ना नाव असते ना तारीख. चिकट झालेली खोकल्याची बाटली, दोन वर्षांपूर्वीचे डोळ्यांचे थेंब, कोणाच्या तरी साखरेच्या गोळ्या, आणि कामावरच्या बाईंनी दिलेली ‘चांगल्या कंपनीची’ औषधे.

यातले काय ठेवायचे? ज्यावर नाव, तारीख दोन्ही वाचता येतात, तारीख उलटलेली नाही आणि घरातल्या माणसाला डॉक्टरांनी लिहून दिलेले आहे, तेवढेच. बाकी सगळे बाहेर. विशेषतः पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या.

उरलेली अँटिबायोटिक. गेल्या वेळी मुलाचा ताप तीन दिवसांत उतरला म्हणून दोन गोळ्या उरल्या, त्या या वेळी द्यायच्या, असे सर्रास चालते. ताप प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने येतो आणि अर्ध्या मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. पावडरमध्ये पाणी घालून बनवायचे बाळाचे अँटिबायोटिक तर एकदा बनवले की लेबलवर लिहिलेल्या दिवसांपुरतेच, साधारण आठवडाभर, चालते.

अंगदुखीच्या गोळ्या. डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि नेमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. तरीही ते घराघरांतल्या डब्यांत सापडते.

खाज आणि गजकर्णाच्या ट्यूब. एक ट्यूब अख्खी चाळ वापरते. यातल्या बऱ्याच मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग गजकर्ण जास्त पसरते, कातडी पातळ होते. जांघेत आणि चेहऱ्यावर तर हे मलम फारच वाईट.

डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिनाभरात टाकावेत. ओआरएसचे पाणी चोवीस तासांत.

बाहेर काढलेली औषधे मोरीत ओतू नका, तशीच कचऱ्यातही टाकू नका. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या औषध दुकानात विचारा, घेतात का. क्षयाच्या उरलेल्या गोळ्या उपचार केंद्रात परत करायच्या. कोणीच घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत कालवा, पिशवीत बांधा आणि मग टाका. पट्टी कापून टाका. हे एवढ्यासाठी की कचऱ्यात सापडलेली गोळी कोणी खाऊ नये आणि कोणी ती पुन्हा विकूही नये. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून आरोग्य केंद्रात द्या.

दारातच थांबवा

आत आलेली वस्तू काढणे अवघड असते. मुळात ती आत येऊ न देणे सोपे, असे म्हणतात. पण कामावरच्या बाई स्वतःहून देतात तेव्हा नाही कसे म्हणायचे? आमच्या बैठकीत हा प्रश्न निघाला की हास्याची लकेर उठते आणि मग सगळ्या गप्प होतात. नाही म्हटले तर ‘हिला गर्व झाला’ असे वाटेल, काम जाईल, ही भीती खरी आहे.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि इतरांनी टाकलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले. आजच्या वापरलेल्या वस्तू आणि ते तुकडे एकच, असे आम्ही म्हणत नाही. चालू स्थितीतला पंखा, मुलाच्या मापाचे दप्तर, पुस्तके घ्यावीत, त्यात कमीपणा नाही. गरज बघून घेणे आणि दिले म्हणून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिक्सर असेल तर त्यांच्याच घरी प्लग लावून चालवून बघा. चालत नसेल तर ‘वहिनी, घरात ठेवायला जागा नाही हो, भंगारवाल्याला बोलवू का?’ असे म्हणता येते. यात कोणाचा अपमान नाही. औषधे, वापरलेल्या उशा, गाद्या मात्र कोणाकडूनही घेऊ नका.

गाद्यांचे कारण ढेकूण. गादीच्या शिवणीत, काठाच्या घडीत काळे ठिपके दिसले तर समजावे. एका गादीतून ढेकूण भिंतीत, भिंतीतून शेजारी जातात आणि मग अख्खी चाळ रात्रभर जागते. त्यानंतर जे होते ते जास्त धोक्याचे. धान्यातली कीड मारायच्या गोळ्या किंवा शेतातले कीटकनाशक आणून बंद खोलीत ठेवतात. या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. त्याने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेही दगावली आहेत. असे औषध घरात आणूच नका. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, कपडे-चादरी उकळत्या पाण्यात भिजवून धुवा, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, आठवड्याने पुन्हा करा. चिवट काम आहे, पण जमते. लाकडी दिवाण फार पोखरला असेल तर तो काढून टाकणे स्वस्त पडते.

आणखी एक. जुनी साडी आणि डबाभर फराळ देऊन दिवाळीचा बोनस भागवणारी घरे आहेत. प्रथेप्रमाणे बोनस म्हणजे एका महिन्याचा पगार, तो रोख मागा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. नोंदणी केली नसेल तर करून घ्या.

समारंभांतून येणारा कचराही थोडा नाही. जयंती, लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन यांत थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या पिशव्या. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आणि १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशाने अशा एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी घातली, तरी त्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी गटार तुंबवतात. काही वस्त्यांत महिला मंडळाने बचतीतून शंभर-दोनशे स्टीलची ताटे-पेले घेऊन विहारात ठेवले आहेत. नाममात्र भाडे, घासून परत. तुमच्याकडे नसेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा. कार्यक्रमाचे फ्लेक्स उतरवल्यावर छपराखाली लावायला उपयोगी पडतात, ते ठेवा, पण चुलीत घालू नका. पाणी तापवायला प्लास्टिक, फ्लेक्स, रबर जाळले की निघणारा धूर चुलीपुढच्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो. त्यात कर्करोगाला कारण होणारे घटक असतात.

टाकलेले कोणाच्या हातात पडते

आपण टाकलेला कचरा उचलणारे हात बहुतेक वेळा आपल्याच घरातले असतात. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि त्यातही दलित समाजातल्या. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक भगिनींना संघटित केले. या भगिनींच्या हातांवरचे व्रण आम्ही ड्रेसिंग करताना पाहिले आहेत. काच, ब्लेड, सुई, पत्र्याचे डबे.

२०१६ च्या नियमांत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे घराघराला बंधनकारक केले गेले. गाडी आपल्या गल्लीत येत नाही, कुंडी दूर आहे, ही तक्रार खरी असते आणि ती वॉर्ड ऑफिसात लेखी द्यावी, पोच घ्यावी. पण दोन डबे ठेवायला त्याची वाट बघायला नको. सुका कचरा साठवला तर भंगारवाला किलोवर पैसे देतो. तोच ओल्यात मिसळला तर कोणी हात लावत नाही. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वरून दोरी बांधा. पॅड आणि बाळाचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेरून लाल ठिपका काढा. पुण्यात ही खूण कचरावेचक भगिनींनीच मागितली, म्हणजे पुडी उघडून बघावी लागत नाही.

कपड्यांचे मात्र आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवायला नको. बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेले देऊन जाते, उरलेल्या साड्यांच्या गोधड्या होतात, गोधडी विरली की पायपुसणे. विनयपिटकात याचीच एक कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले: ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्यांची पांघरुणे करू, ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडायचे फडके, आणि शेवटी तुकडे चिखलात मळून जमीन सारवायला. आपल्या आज्या हेच करत होत्या. फक्त एक जपा: गोधड्या न वापरता माळ्यावर वर्षानुवर्षे रचून ठेवल्या की त्यांत धूळ आणि ओल साठते. घरातल्या माणसांना पुरतील तेवढ्या ठेवा, महिन्यातून एकदा कडक ऊन द्या, जास्तीच्या ज्याला नाहीत त्याला द्या.

हे टाकू नका

साफसफाईच्या झपाट्यात जुन्या कागदांची ट्रंक रद्दीत गेली, अशी उदाहरणे प्रत्येक वस्तीत आहेत. मग मुलीला जातपडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि घरात रडारड होते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे पुरावे मागितले जातात. त्यामुळे पणजोबांचा फाटका दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, गावच्या सातबाऱ्यावरचे नाव, यातला कोणताही कागद कितीही पिवळा पडला तरी तो अडगळ नाही. फोटोपास, जुनी वीजबिले, रेशनकार्ड, मतदारयादीतल्या नावाची पाने पुनर्वसनाच्या वेळी लागतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची ट्रंक त्याला विचारल्याशिवाय उघडू नका. त्याच्या शेजारी बसून एकेक कागद त्याच्याकडूनच समजून घ्या.

दवाखान्याचे कागदही ठेवा. बाळाचे लसीकरणाचे कार्ड, बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड, क्षयाचे उपचार पूर्ण झाल्याचा कागद, साखर-रक्तदाबाच्या शेवटच्या दोन तपासण्या, ऑपरेशन झाले असेल तर त्याचा कागद. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून त्यात घाला. दहा वर्षांपूर्वीच्या साध्या तापाच्या चिठ्ठ्या काढल्या तरी चालतील.

हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, दाराजवळ उंच खुंटीला टांगा. पूर आला, आग लागली तर हात घालून उचलता आली पाहिजे. ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, त्यातला एक शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असावी. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, पिशवी उघडून कागदांना वारा द्या.